बोलावलं की गप्प, झोपलो की बोलतो: स्मार्ट स्पीकरचं करायचं काय?

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आठ महिन्यांपासून आमच्या घरात एक स्मार्ट स्पीकर आहे, नावाने हाक मारून काम सांगायचं तो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "माझा भारी की तुझा भारी" यावर घसरेल. पहिले सहा महिने अगदी गुणी बाळ होतं. आता मात्र उच्छाद मांडलाय.

रोज संध्याकाळी साडेसात वाजले की "इंटरनेटशी संपर्क होत नाही" सुरू. अर्ध्या-पाऊण तासाने आपलं आपण ठीक होतं. गंमत म्हणजे त्याच वेळी माझा फोन त्याच वायफायवर मस्त चालू असतो.

हॉलचे दिवे घालव म्हटलं की कधीमधी घरभर अंधार.

आठवड्यातून दोन-तीनदा रात्री दीडच्या सुमारास स्पीकरमधली बाई इंग्रजीत काहीतरी बोलते आणि गप्प होते. झोपेत शब्द कळत नाहीत. सासूबाईंनी एकदा उठून घरातले सगळे दिवे लावले होते.

आणि सासूबाईंचंच तो पहिल्यापासून ऐकत नाही. माझं, नवऱ्याचं, लेकीचं ऐकतो. आईंनी हाक मारली की दिवा लागतो, विझतो, संपलं.

दोनदा फॅक्टरी रीसेट (सगळं पुसून नव्यासारखं) मारून झालं, फरक शून्य. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सोल्डरवाला

ताई, आधी रीसेटवरचा हात काढा. रीसेट हा पहिला उपाय नसतो, सगळ्यात शेवटचा असतो. मार्च २०२५ मध्ये गूगलचे टीव्हीला लावायचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट जगभर एकदम बंद पडले. कारण होतं मुदत संपलेलं डिजिटल प्रमाणपत्र, तेही कंपनीच्या बाजूचं. गूगलने तेव्हा मुद्दाम सांगितलं होतं की फॅक्टरी रीसेट करू नका. ज्यांनी आधीच केलं होतं त्यांना नव्याने सेटअपही होईना. नुसते थांबले ते सुटले.

दुसरं म्हणजे तुमचे चार त्रास ही चार वेगळी दुखणी असू शकतात. स्पीकर म्हणजे नुसते कान आणि तोंड, डोकं भलतीकडे असतं. डब्यातली छोटी चिप फक्त आपलं नाव ऐकत बसलेली असते. नाव ऐकलं की पुढचं बोलणं वायफायवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातं, तिथे त्याचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लागतो. दिवा दुसऱ्या कंपनीचा असेल तर हुकूम बहुतेक वेळा त्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून तुमच्या बल्बपर्यंत येतो. दहा फुटांवरचा दिवा लावायला एवढी वारी. यातली कुठलीही कडी तुटली तरी आपण म्हणतो "स्पीकर बिघडला".

म्हणून पहिलं काम: ॲपमध्ये आवाजाचा इतिहास उघडा. अलेक्साच्या ॲपमध्ये तो व्हॉइस हिस्टरी म्हणून सापडतो, गूगलचा माय ॲक्टिव्हिटीत. यंत्राने काय ऐकलं ते तिथे शब्दांत दिसतं. नोंदच नसेल तर दोष कानाचा किंवा वायफायचा. नोंद आहे पण शब्द भलतेच असतील तर ऐकण्यात घोळ. शब्द बरोबर असूनही काम झालं नसेल, तर स्पीकर निर्दोष, पुढे बघा. चारही तक्रारींची नोंद बघून इथे टाका.

किडूकमिडूक

सोल्डरवाला यांना +१. इतिहास बघायची सवय लागली की निम्मे वाद मिटतात. आमच्या घरी "मी टायमर लाव म्हटलं होतं" विरुद्ध "तू म्हटलंच नव्हतंस" याचा निकाल तिथेच लागतो.

दिव्याच्या रंगाकडेही बघत चला. एकोवर (ॲमेझॉनचा अलेक्सावाला स्पीकर) लाल कडं म्हणजे माइक बंद. साफसफाई करताना बटण दाबलं जातं आणि मग दोन दिवस सगळे ओरडत बसतात. केशरी फिरणारं कडं म्हणजे सेटअप किंवा जोडणी चालू. पिवळा थबकत उजळणारा म्हणजे काहीतरी सूचना आलीय. गूगलच्या स्पीकरवर मात्र माइक बंद असल्याचा रंग केशरी. एकाचा केशरी दुसऱ्याला लावू नका.

शंकेखोर

दिवे बल्ब जाऊ द्या, रात्री दीड वाजता आपोआप बोलते याचा अर्थ ती रात्रभर ऐकतेय. मी तर हे प्रकरण घरातच घेतलं नसतं.

रात्रपाळी

शंकेखोर, ऐकतेय हे खरंच आहे, नाव ऐकण्यासाठी ऐकावंच लागतं. प्रश्न चुकून किती वेळा जागी होते याचा. २०२० मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या आणि माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी मालिका, बातम्या वगैरे स्पीकरांसमोर वाजवून हजाराहून जास्त शब्दसमूह शोधले, जे नाव नसूनही यंत्राला नाव वाटतात. "इलेक्शन" ऐकून अलेक्सा जागी होते, "ओके कूल" ऐकून गूगल. मार्च २०१८ मध्ये अलेक्सा मध्येच हसायला लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या. "अलेक्सा, लाफ" ऐकल्याचा भास तिला होत होता. मग ॲमेझॉनने हुकूमच लांब केला, "अलेक्सा, कॅन यू लाफ?" असा, म्हणजे चुकून ऐकू येणं अवघड.

टीव्हीमुळे जाग येत असेल तर स्पीकर टीव्हीपासून लांब ठेवा आणि शक्य असेल तिथे नाव बदला. अलेक्साला "एको" किंवा "कंप्यूटर" अशी हाक ठेवता येते. गूगल होम ॲपमध्ये "हे गूगल"ची संवेदनशीलता कमी-जास्त करता येते.

पण ओसरी, दीड वाजता तुमचा टीव्ही चालू नसणार. तेव्हा नोंदी बघाच.

संध्याकाळच्या तक्रारीबद्दल एक विचारतो: तुमचा फोन वायफायच्या कोणत्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) आहे आणि स्पीकर कोणत्या? राउटरच्या ॲपमध्ये प्रत्येक उपकरणापुढे २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. फोन चालतो आणि स्पीकर चालत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं.

पायरी

धागा पळवत नाही, पण माझंही याच जातीचं. नवा राउटर घेतल्यापासून स्पीकर सेटअपच होत नाही. ॲप म्हणतं स्पीकर सापडला, पुढे गोल गोल फिरत राहतं. जुना राउटर लावला की दोन मिनिटांत होतं.

रात्रपाळी

पायरी, नवा राउटर म्हटलं की मी आधी सुरक्षेचा प्रकार बघतो. बरेच नवे राउटर डब्ल्यूपीए३ वर ठेवलेले असतात आणि जुन्या स्पीकरांना, बल्बना ती भाषाच येत नाही. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असा पर्याय असतो, तो निवडा.

तेवढ्याने नाही झालं तर फोनकडे वळा. व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवणारं ॲप) चालू असेल तर सेटअपपुरतं बंद करा. आयफोन असेल तर आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला "लोकल नेटवर्क"ची वेगळी परवानगी लागते, घाईत आपण "नको" दाबलेलं असतं. अँड्रॉइडवर लोकेशन चालू ठेवा. ॲपला तुमचा ठावठिकाणा हवा असतो असं नाही, पण आसपासची ब्लूटूथ-वायफाय उपकरणं शोधायला बऱ्याच फोनांवर ती परवानगी लागते. आणि स्पीकर गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, टाकू नका. तिथे एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशीच व्यवस्था असते, म्हणजे फोनला स्पीकर आणि स्पीकरला बल्ब दिसणार नाही.

पायरी

डब्ल्यूपीए३ च होतं! झालं. दोन आठवडे डोकं आपटत होते. वाचनखूण साठवली.

ओसरी

वा, पायरी धागा काढणारीच्या आधी सुटली. 🙂

नोंदी बघितल्या. अंधाराचं कोडं सुटलं आणि मी एकटीच खो खो हसले. मी म्हणते "टर्न ऑफ हॉल लाइट्स". तिथे लिहिलंय "टर्न ऑफ ऑल लाइट्स". आमचा "ह" तिला ऐकूच येत नाही. नऊ वेळा असं झालंय, त्यातली सात वेळा नवऱ्याची.

रात्री दीडची एकही नोंद नाही. म्हणजे तिला कोणी हाक मारलेलीच नाही आणि तरी ती बोलली. हे वाचून मला जास्तच भीती वाटायला लागली.

बँड: फोन ५ वर, स्पीकर २.४ वर. तिन्ही बल्बही २.४ वर.

आईंच्या नोंदी मात्र विचित्र आहेत. नाव ऐकल्याची नोंद आहे, पुढे "आवाज समजला नाही". दहा-बारा वेळा सलग.

गुळगुळीत

हॉलचं नाव बदला ना. "दिवाणखाना" ठेवलंत तर ती म्हणू शकणार नाही. "फ्रंट रूम" करून बघा. उपकरणांची नावं एकमेकांपासून लांबच्या उच्चारांची हवीत. आमच्याकडे "फॅन" होता, तो म्हटला की "फोन शोधू का?" विचारायची. आता त्याचं नाव "पंखा". आणि खोलीचं, ग्रुपचं, दिव्याचं नाव एकच ठेवू नका. "बेडरूम" नावाची खोली आणि "बेडरूम" नावाचा बल्ब असला की प्रत्येक वेळी तुम्हाला विचारत बसते.

बाकी "डिव्हाइस प्रतिसाद देत नाही" ऐकलं की आधी भिंतीवरचं बटण बघावं. पाहुणे येतात, सवयीने बटण बंद करतात, बल्बला वीजच नाही तर तो काय प्रतिसाद देणार. आमच्या बटणावर चिकटपट्टी आहे. दिसते वाईट, पण चालते.

सोल्डरवाला

दीडच्या भुताबद्दल: हाक नाही आणि तरी आवाज, म्हणजे ती उत्तर देत नाहीये, काहीतरी जाहीर करतेय. सूचना, आठवण, ठरवून ठेवलेलं रूटीन, किंवा ब्लूटूथ. स्पीकरला कधीकाळी जोडलेला फोन ब्लूटूथच्या टप्प्यात आला की तो आपोआप जोडला जातो आणि स्पीकर तसं बोलून दाखवतो. तुमच्याकडे रात्री दीडला कोणी घरी येतं का?

ओसरी

अहो!!! दीर. दुसरी पाळी असली की सव्वा-दीडला येतो. आठवड्यातून दोन-तीनदाच असते. त्याने लेकीच्या वाढदिवसाला गाणी लावायला फोन जोडला होता. रात्री दार उघडतो आणि बाई म्हणते "कनेक्टेड टू" अमक्याचा फोन. दोन महिने आम्ही घाबरतोय आणि तो चपला काढतोय.

ॲपमधून त्याचा फोन काढून टाकला. शिवाय रात्री अकरा ते सहा "व्यत्यय नको" लावलंय.

शंकेखोर

माघार घेतो. तात्पुरती.

किडूकमिडूक

😂 संध्याकाळी साडेसातला मायक्रोवेव्ह लावता का? मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे त्याच बँडवर. दार जरा सैल झालं असेल तर शेजारचं २.४ वायफाय आडवं होतं.

ओसरी

मायक्रोवेव्ह आम्ही सकाळीच वापरतो. आणि तो पाऊण तास कोण चालवेल?

रात्रपाळी

मुख्य गोष्ट हाती आलीय. फोन ५ वर ठणठणीत, २.४ वरचे सगळे आजारी. साडेसातला बल्बही जातात का, म्हणजे वायफायवरून तुटतात का, ते एकदा बघा. जात असतील तर स्पीकर निर्दोष आहे, २.४ चं हवामान बिघडतंय.

संशयित दोन. एक म्हणजे आजूबाजूचे. संध्याकाळी सगळे घरी येतात आणि सगळ्यांचे राउटर एकाच चॅनेलवर बोलतात. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. "ऑटो" काढून यातलं सगळ्यात रिकामं निवडा. ३ किंवा ४ निवडून हुशारी करू नका, दोन्हीकडचा गोंगाट ऐकू येतो. दुसरा संशयित तुमच्याच घरात असेल, साडेसातला चालू होणारं काहीतरी. दोन महिन्यांपूर्वी घरात नवीन काय आलं ते आठवा.

पायरी

माझ्या आधीच्या स्पीकरचं सांगते, तोही मध्येच बंद पडायचा, पण आवाज मोठा केला की. शेवटी कळलं की मूळ ॲडॉप्टर हरवल्यावर घरातला कुठलासा जुना फोन चार्जर लावला होता. हळू आवाजात पुरायचा, बासवाली गाणी लागली की वीज कमी पडून स्पीकर परत सुरू व्हायचा. ओसरी, ॲडॉप्टर मूळचाच आहे ना? त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर स्पीकरच्या बुडाशी लिहिलेल्याशी ताडून बघा. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त.

ओसरी

ॲडॉप्टर मूळचाच. चॅनेल ६ वरून १ वर आणलं, काल संध्याकाळी तेच. आणि हो, बल्बही गेले. लेकीला खोलीत उभं केलं होतं, ती "गेला गेला" ओरडली ती बरोबर सात बत्तीसला.

दोन महिन्यांपूर्वी नवीन काय, म्हणून नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला काही नाही. मग जेवताना म्हणाला, "ती हार्ड डिस्क सोडली तर." राउटरच्या पाठीच्या यूएसबी भोकात त्याने एक डिस्क लावलीय. सगळ्यांच्या फोनमधले फोटो तिच्यावर जातात. कधी जातात विचारलं तर म्हणे, रोज साडेसातला, तेव्हा सगळे घरी असतात ना.

रात्रपाळी

सापडला. डिस्क यूएसबी ३ ची असणार, भोकाच्या आत निळा प्लास्टिकचा तुकडा दिसतो का बघा. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं: यूएसबी ३.० वरून डेटा धावायला लागला की तिच्या तारेतून आणि जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. ५ च्या बँडला त्याचा उपद्रव नाही, म्हणून तुमचा फोन खुशाल. तुम्ही तर तो गोंगाट राउटरच्या अँटेनाच्या बुडाशी नेऊन बसवलाय. राउटरला तुमच्या स्पीकरचा बारीक आवाज ऐकूच येत नाही.

ओसरी

आज प्रयोग केला. साडेसातला डिस्क काढून ठेवली. आठ वाजेपर्यंत स्पीकर, बल्ब सगळं सुरळीत. आठला लावली आणि नवऱ्याला बॅकअप चालू करायला सांगितला. तीन मिनिटांत पहिला बल्ब गेला, मग स्पीकर. काढली, परत आले. पुन्हा लावली, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा लावायला निघाले तर नवरा म्हणाला, कळलं, कळलं.

आता यावर उपाय?

रात्रपाळी

चांगल्या प्रतीची, नीट कवच असलेली मीटरभर वायर घ्या आणि डिस्क राउटरपासून लांब ठेवा. किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये तो पोर्ट यूएसबी २ वर चालवायची सोय असेल तर तसं करा. फोटो हळू जातील, पण वायफाय सुटेल. स्पीकरला ५ वर नेता येईल, पण तुमचे बल्ब २.४ वरच अडकलेले असणार, ते तसेच लटकतील.

सोल्डरवाला

आईंचं राहिलंच. नाव ऐकते, पुढचं ऐकत नाही. त्या हाक मारतात तेव्हा शेजारी बसून बघा. आवाज ऐकू नका, वेळ मोजा.

ओसरी

बसले आज. आई खुर्चीत, स्पीकर समोरच्या फळीवर. आई नाव घेतात, मान थोडी वर करतात आणि थांबतात. माणसाला हाक मारल्यावर आपण थांबतो ना, तो "ओ" देईपर्यंत, तशा. निळा दिवा लागलेला असतो, पण चष्मा नसतो, त्यांना दिसत नाही. "ओ" येत नाही म्हणून त्या परत नाव घेतात. तोवर दिवा विझतो. मग मला म्हणतात, "बघ, मला नाही ओ देत ती."

आठ महिने आम्ही त्यांना "मोठ्याने बोला" सांगत होतो.

गुळगुळीत

हे वाचून स्पीकर बंद करून दोन मिनिटं बसलो.

सोल्डरवाला

तिला "ओ" द्यायला शिकवता येतं. सेटिंगमध्ये हाक ऐकल्यावर छोटा आवाज करायची सोय असते. अलेक्सात "रिक्वेस्ट साउंड्स" म्हणून, गूगलमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली. ती चालू करा. टुण्ण वाजलं की बोलायचं, एवढंच आईंना सांगा. स्पीकर फळीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवला असेल तर वीतभर पुढे ओढा, भिंतीवरून उलटणारा आवाज माइकना गोंधळात टाकतो.

आणि त्यांना नेहमी लागणाऱ्या दोन-तीन गोष्टींची रूटीन करा. एका छोट्या वाक्यात दिवा, पंखा, रेडिओ, जे काय असेल ते.

ओसरी

टुण्ण चालू केलं. पहिल्या दिवशी आईंनी हाक मारली, टुण्ण वाजलं, आई खूश होऊन म्हणाल्या, "हं, ऐक." तिने "हं, ऐक" हाच हुकूम समजून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी जमलं. रेडिओ लागला. अजून दहातले तीन-चार हुकतात, कारण मध्येच आई "थांब हं, काय बरं" म्हणतात. त्याला सेटिंग नसावं.

वायर मागवलीय, परवा येईल. तोपर्यंत नवऱ्याने बॅकअप रात्री तीनला लावलाय. दीडला दीर येतो, तीनला बल्ब जातात, पण तेव्हा ते बंदच असतात.